रात्री साडेदहाचा फरसाणाचा डबा

प्रश्न : माझं वय ४३, उंची पाच फूट एक इंच, वजन ७१ किलो. पतसंस्थेत नोकरी करते, मुलगा बारावीला आहे. सकाळी नुसता चहा घेते, दुपारी एक पोळी आणि भाजी. पण रात्री सगळं आवरलं की फरसाणाचा डबा घेऊन बसते. जिममध्ये एक प्रश्नावली भरून घेतली. त्यात ‘भावनिक खाण्या’ला पाचपैकी ३.८ गुण आले. ट्रेनर म्हणाले, तुमच्या वजनाचं मूळ इथेच आहे, आधी मनावर ताबा मिळवा. हे असं मोजता येतं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, ‘मनावर ताबा मिळवा’ हे वाचून मला राग आला. सकाळी उपाशी घर सोडणाऱ्या बाईला कुणी असं सांगू नये.

तुमच्या वर्णनावरून ती नेदरलँड्समध्ये तयार झालेली, १९८६ साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली असावी. तिच्यात ३३ प्रश्न आहेत. १३ भावनांविषयी : चिडचिड झाली, एकटं वाटलं की खावंसं वाटतं का? १० प्रश्न पदार्थ समोर दिसला, वास आला की काय होतं याचे. उरलेले १० वजनाच्या धास्तीने जेवताना हात आखडता घेण्याचे. ‘कधीच नाही’ला एक, ‘अगदी नेहमी’ला पाच, आणि प्रत्येक भागाची सरासरी. तुम्हाला एकाच भागाचा आकडा सांगितला. बाकीचे दोन मागून घ्या. तिसऱ्या भागाचा आकडाही मोठा निघेल, असा माझा अंदाज आहे.

भावनिक खाण्याचे गुण जास्त असणाऱ्यांचं वजन सरासरीने जास्त असतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पण ती गटाची सरासरी. भरपूर गुण असलेली सडपातळ माणसंही असतात. शिवाय वजन वाढलं म्हणून माणूस पोट मारतो, आणि पोट मारलेल्या माणसाला ताणाच्या वेळी खाणं आवरत नाही, असं उलट दिशेनेही घडतं. २००९ साली नेदरलँड्समधल्याच संशोधकांनी प्रयोग केले. ‘मी भावनेच्या भरात खाते’ असं सांगणाऱ्यांनी मन खट्टू असताना प्रत्यक्षात इतरांपेक्षा जास्त खाल्लं नाही. प्रश्नावली आपली स्वतःबद्दलची समजूत टिपते. ताटात काय पडलं ते टिपत नाही.

म्हणून दोन आठवडे वही ठेवा. डबा उघडण्याआधी लिहायचं : किती वाजले, शेवटचं कधी आणि काय खाल्लं, भूक दहापैकी किती, मन कसं आहे. मग किती वाट्या खाल्लं ते. आणि मन बिघडलेलं असूनही डबा उघडला नाही, ती रात्रही लिहायची. ही नोंद सगळेच विसरतात, आणि तिच्याशिवाय बाकीच्या नोंदींना अर्थ नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक शिक्षिका सासूबाईंशी खटका उडाला की खाते असं ठामपणे सांगायच्या. वहीत मात्र सगळ्यात जास्त खाणं गुरुवारच्या उपवासाच्या रात्री निघालं. खटके इतर दिवशीही उडत होते.

वही भरेपर्यंत थांबू नका. सकाळी एक ज्वारीची भाकरी आणि पिठलं किंवा उसळ खाऊन निघा. दुपारी दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, दही. संध्याकाळी पतसंस्थेतून निघायच्या आधी मूठभर फुटाणे-शेंगदाणे. फरसाण घरात राहू दे, पण वाटीत काढून, बसून खा. मुलासोबत जागरण होत असेल तर ते कमी करा; अपुऱ्या झोपेनेही भूक वाढते.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेएकोणतीसच्या आसपास येतो. भारतीयांसाठी २५ पासून स्थूलपणा धरतात, तेव्हा दुर्लक्ष नको. थायरॉइड आणि एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी) तपासून घ्या, पाळी अनियमित झाली असेल तर डॉक्टरांना सांगा, चालू गोळ्याही दाखवा. काही औषधांनी वजन वाढतं.

एका बैठकीत भरमसाट खाल्लं जातं, थांबता येत नाही, नंतर स्वतःची किळस येते, असं होत असेल किंवा दोन आठवडे सलग मन उदास असेल, तर मात्र जिम आणि वही दोन्ही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून, मोफत बोलता येतं.