गोळ्या सुरू झाल्यावर मेंदूचा आजार का दिसला?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी त्याला एचआयव्हीची लागण असल्याचे कळले, तेव्हा त्याच्या सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या) पेशी अवघ्या ६२ होत्या. एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) सेंटरमधून लगेच गोळ्या सुरू झाल्या, भूक सुधारली, वजनही वाढू लागले. पाच आठवड्यांनंतर मात्र तो दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटू लागला. जेवताना ताटातील डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते आणि ती वाढलीच नाही, असे तो म्हणतो. आता डावा हातही जड झाला आहे. एमआरआय आणि पाठीतील पाण्याच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी ‘पीएमएल’ असे निदान केले. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, की गोळ्यांची उष्णता मेंदूत गेली, त्या ताबडतोब बंद करा. हा आजार आम्हाला किंवा त्याच्या मुलांना लागेल का? तो बरा होईल का?
— एक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : सर्वांत आधी एक विनंती करतो. हे उत्तर पुढे वाचण्यापूर्वी आजची गोळी भावाने घेतली आहे, याची खात्री करून घ्या. हा आजार गोळ्यांनी झालेला नाही आणि त्याला आवर घालू शकणारा आज हाताशी असलेला मुख्य उपाय म्हणजे त्याच गोळ्या आहेत.

पीएमएल म्हणजे प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्युकोएन्सेफॅलोपथी. तो जेसी नावाच्या विषाणूमुळे होतो. या आजाराचे पहिले वर्णन १९५८ मध्ये झाले आणि विषाणू हाती लागला तो १९७१ मध्ये. ज्या रुग्णाच्या मेंदूतून तो वेगळा केला, त्याच्या नावाची आद्याक्षरे विषाणूला मिळाली. जगातील निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू असतो. बहुधा लहानपणीच तो शिरतो आणि मूत्रपिंडासारख्या अवयवांत वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. प्रतिकारशक्ती शाबूत असेपर्यंत तो कोणालाही त्रास देत नाही. एचआयव्हीने सीडी-फोर पेशी फार खाली आणल्या, विशेषतः २०० च्या खाली, की त्याला मोकळे रान मिळते आणि तो मेंदूतील मायलिन तयार करणाऱ्या पेशी मारू लागतो. विजेच्या तारेवरचे वेष्टण सोलून निघावे तसे मज्जातंतूंवरील मायलिन जाते आणि संदेश अडखळतात. तुमच्या भावाचे डोळे निरोगी असूनही डावीकडचे दिसत नाही, याचे कारण हेच. ती कोशिंबीर मेंदूच्या उजव्या भागापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून ‘वाढलीच नाही’ हे त्याचे म्हणणे अगदी खरे आहे. कृपया त्यावरून कोणी त्याला रागावू नये.

मग गोळ्या सुरू केल्यावरच हे का दिसले? ६२ सीडी-फोर असताना विषाणूचे काम मेंदूत आधीच सुरू झाले असण्याची शक्यता मोठी आहे. गोळ्यांमुळे एचआयव्ही दबतो, प्रतिकारशक्ती जागी होते आणि तिच्या पेशी मेंदूत जाऊन विषाणूशी लढू लागतात. या लढ्यात त्या जागी दाह होतो आणि लपलेली लक्षणे उघड होतात किंवा काही काळ वाढतात. याला आम्ही ‘आयरिस’ म्हणतो. उपचारांनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो दिसतो. घरच्यांना जी ‘उष्णता’ वाटते आहे, ती बहुधा शरीराची ही लढाई आहे आणि ती झाल्याशिवाय विषाणू मागे हटणार नाही. दाह फार होऊन मेंदूला सूज आली, तर डॉक्टर काही दिवस स्टिरॉइड देतात. मात्र स्टिरॉइड प्रतिकारशक्तीही दाबते, म्हणून तो निर्णय त्यांच्यावरच सोडावा. स्वतःहून मेडिकलमधून काही आणू नये.

जेसी विषाणूला मारणारे सिद्ध झालेले औषध आज नाही. सायटॅराबिन, सिडोफोविर, मेफ्लोक्विन यांच्या चाचण्या झाल्या, पण उपयोग दिसला नाही. म्हणूनच एआरटीचा एकही डोस चुकू नये, असे मी पुन्हा सांगतो. एआरटी नव्हती त्या काळात असे बहुतेक रुग्ण काही महिन्यांत दगावत. आता साधारण निम्मे रुग्ण वर्षानंतरही हयात असतात आणि त्यांतील अनेक जण पुढे बरीच वर्षे जगतात. खोटा दिलासा मी देणार नाही : जे मायलिन गेले, ते पूर्ववत होईलच असे नाही. हाताचा जडपणा किंवा नजरेतील उणीव काही अंशी राहू शकते. पण आजार थांबणे शक्य आहे आणि फिजिओथेरपीने उरलेल्या शक्तीचा चांगला उपयोग करता येतो.

एक गोष्ट अनेकदा निसटते. या आजारात काहींना आकडी येते. तशी वेळ आली, तर मेंदूच्या डॉक्टरांना एआरटीचे कार्ड अवश्य दाखवा, कारण फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन या आकडीवरच्या औषधांमुळे डोल्युटेग्रॅविरचे रक्तातील प्रमाण घटते. सरकारी केंद्रांतून सध्या मिळणाऱ्या एकत्रित गोळीत सहसा हेच औषध असते. आकडीसाठी लेव्हेटिरासेटॅमसारखे दुसरे पर्याय आहेत.

एकत्र जेवल्याने, कपडे धुतल्याने किंवा सेवा केल्याने पीएमएल कोणालाही लागत नाही. तुमच्या आणि माझ्याही शरीरात जेसी विषाणू कदाचित आधीपासूनच असेल. भावजयीने आणि मुलांनी एचआयव्हीची तपासणी मात्र करून घ्यावी. ती सरकारी केंद्रात मोफत होते आणि तिची माहिती गुप्त ठेवली जाते. एचआयव्ही आहे म्हणून कोणी उपचार नाकारले, तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तसे करण्यास मनाई आहे, हे लक्षात ठेवा. १०९७ या मोफत क्रमांकावरही माहिती मिळते.

घरात करण्याजोगे बरेच आहे. त्याच्याशी बोलायला उजवीकडून जा. डावीकडे मान वळवून पाहण्याची सवय त्याला हळूहळू लावा. वाटेतील पाट, बादल्या, चपला उचलून ठेवा आणि दाराच्या डाव्या चौकटीवर ठळक रंगाची पट्टी लावा. जेवण अर्धे झाले, की त्याच्यासमोरचे ताट फिरवून द्या, म्हणजे कोशिंबीर उजवीकडे येईल आणि तो ती खाईल.