वडिलांची पेन्शन कमी येते, अरिअर्स अडकलेत: आधी काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील गोवा सरकारच्या नोकरीतून २०१४ साली निवृत्त झाले. त्यांच्याच हुद्द्यावरून गेलेल्या फोंड्यातल्या सहकाऱ्याला पेन्शन जास्त येते. सातव्या वेतन आयोगाचे अरिअर्सही, म्हणजे थकबाकीही, कमी आलीय असं वाटतं. ऑफिस म्हणतं बँकेत विचारा, बँक म्हणते ऑफिसात जा.

माझी उभी नोकरी लेखा शाखेत गेली. आता डिचोलीत घरीच असतो, आणि ओळखीपाळखीचे पेन्शनर पिशवीत कागद घालून येतात, म्हणून हे गणित अजून हातात आहे.

पहिलं म्हणजे ‘अरिअर्स द्यावेत ही विनंती’ छापाचे अर्ज बंद करा. त्याला उत्तर एकच येतं: ‘देय रक्कम नियमानुसार अदा करण्यात आली आहे.’ विषय संपला. कुठल्या महिन्यापासून, कुठल्या रकान्यात, किती रुपये कमी, हे तुमच्याकडून आकड्यांत गेलं पाहिजे. आकडा समोर आला की त्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं.

त्यासाठी वडिलांची मूळ पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), नंतरची सुधारित पीपीओ आणि महिन्याची फोड दाखवणारी स्लिप समोर ठेवा. पासबुक नको, त्यात नुसती जमा दिसते. आता समजा शेवटचा पगार ग्रेड पे (जुन्या वेतनश्रेणीत हुद्द्याच्या दर्जानुसार मिळणारी रक्कम) ४,६०० धरून २२,४०० होता. त्याची निम्मी, म्हणजे ११,२०० मूळ पेन्शन. १ जानेवारी २०१६ला तिला सातव्या वेतन आयोगाच्या २.५७ या गुणकाने गुणलं की २८,७८४ होतात. बहुतेक जण इथेच थांबतात. पण केंद्राच्या १२ मे २०१७च्या आदेशाने दुसरी पद्धतही दिली: शेवटचा पगारच नव्या तक्त्यात बसवायचा आणि त्याच्या निम्मी पेन्शन धरायची. २२,४०० गुणिले २.५७ म्हणजे ५७,५६८. लेव्हल सातमध्ये (४,६०० ग्रेड पेचा नव्या तक्त्यातला स्तर) त्याच्या वरचा टप्पा ५८,६००चा, निम्मे २९,३००. दोन्हींत जास्त असेल ती पेन्शन. इथे फरक ५१६ रुपयांचाच दिसतो, पण त्यावर महागाई सवलत चढते आणि तो २०१६पासून साठत आलेला असतो. जुन्या काळी निवृत्त झालेल्यांच्या बाबतीत फरक याहून बराच मोठा निघू शकतो. गोव्यात निवृत्तीचे केंद्रीय नियमच चालतात, तरी अर्जाला केंद्राचा तो आदेश इथे लागू करणारा आपल्या वित्त खात्याचा आदेश जोडा. नुसता दिल्लीचा कागद पुढे केला की खिडकीवरचा माणूस पहिलं तेच विचारतो.

आता कम्युटेशन, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं. माझ्याकडे आलेल्या कागदांत सगळ्यात जास्त घोळ इथेच सापडतो. वडिलांनी निवृत्तीच्या वेळी ४० टक्के पेन्शन विकली असेल, तर ११,२००चे ४० टक्के म्हणजे ४,४८० रुपये दरमहा कापले जातात. पेन्शन सुधारून २९,३०० झाली तरी कपात ४,४८०च राहायला हवी, कारण विकलेला भाग तेवढाच होता आणि त्याचे पैसेही तेवढेच मिळाले होते. वाळपईच्या एका निवृत्त शिपायाच्या स्लिपवर मात्र नव्या पेन्शनचे ४० टक्के कापलेले मी स्वतः पाहिले. वडिलांच्या आकड्यांत हीच चूक झाली, तर कपात ११,७२०वर जाईल आणि महिन्याला ७,२४० रुपयांची खोट बसेल! त्या गृहस्थांना वाटत होतं की आयकर कापतात.

तोच खेळ महागाईत. महागाई सवलत कपातीआधीच्या पूर्ण पेन्शनवर मोजायची, हातात पडणाऱ्या रकमेवर नाही. दर ५० टक्के असताना २९,३००वर १४,६५० होतात, २४,८२०वर १२,४१०. हा एक रकाना तपासायला पाच मिनिटं लागतात. कम्युटेशनची कपात १५ वर्षांनी थांबते, म्हणजे तुमच्याकडे २०२९ साली. तो महिना आताच वहीत लिहून ठेवा, आपोआप होईल या भरवशावर राहू नका.

मग जायचं कुठे? पीपीओतला आकडाच चुकीचा असेल तर बँकेत खेटे घालून उपयोग नाही, बँक तो बदलू शकत नाही. वडिलांच्या शेवटच्या ऑफिसच्या प्रमुखाने सुधारणेचा प्रस्ताव पणजीच्या लेखा संचालनालयाकडे पाठवायचा असतो. पीपीओ बरोबर आणि जमा कमी, असं असेल तर पीपीओची प्रत जोडून थेट संचालनालयाच्या पेन्शन शाखेत जा. सहकाऱ्याशी तुलना अर्जात मांडू नका. एखादी वेतनवाढ किंवा बढती पुढेमागे असली तरी आकडे वेगळे येतात. त्यासाठी सर्व्हिस बुक बघावं लागतं. ऑफिस दाखवत नसेल तर माहितीच्या अधिकारात सर्व्हिस बुकाची आणि पेन्शन हिशोबाच्या पत्रकाची प्रत मागा, ३० दिवसांत उत्तर देणं भाग आहे. प्रत्येक कागदावर इनवर्ड नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

वडील ३० जूनला निवृत्त झाले असतील तर आणखी एक मुद्दा आहे. १ जुलैची वेतनवाढ पेन्शनसाठी धरावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा ११ एप्रिल २०२३चा निकाल आहे. आपल्याकडे मात्र शाळेत घालताना निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून लावलेली. ती सगळी मंडळी ३१ मेलाच घरी बसली, त्यांना याचा लाभ नाही.

कोविडमधल्या १८ महिन्यांच्या गोठवलेल्या महागाई सवलतीचे पैसे मागण्यांत घालू नका. केंद्राने ते देणार नाही असं सांगून टाकलंय, आणि त्या एका ओळीमुळे बाकीचा खरा दावा मागे पडतो.

‘विचारायला गेलो तर उलट वसुली काढतील’ ही भीती वडिलांनाही असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या रफीक मसीह निकालानुसार, कर्मचाऱ्याचा दोष नसताना चुकून जास्त दिलेली रक्कम निवृत्त माणसाकडून सहसा वसूल करता येत नाही. वेळेचं मात्र बघा. दरमहा कमी मिळणाऱ्या पेन्शनचा दावा उशिरा केला म्हणून बुडत नाही, पण त्याच न्यायालयाच्या २००८च्या तरसेम सिंग निकालापासून कोर्ट साधारण मागच्या तीन वर्षांचेच अरिअर्स देतं. लेखी अर्जाला काही महिन्यांत दाद लागली नाही, तर पर्वरीला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात रिट याचिका करण्यासाठी वकील गाठा.

तिन्ही कागदांवरचे आकडे आणि निवृत्तीची तारीख इथे टाकलीत तर हिशोब करून देतो. पीपीओ नंबर आणि खाते नंबर झाकून टाका.