तीर्थरूप, चिरंजीव आणि ‘सांस्कृतिक संघर्ष’

प्रश्न असा आहे: “एका विनोदी चित्रपटाचा चार ओळींचा परिचय मराठीत लिहायचा आहे. बाप एका देशात वाढलेला, मुलगा दुसऱ्या. दोघांच्या वागण्याबोलण्याच्या तऱ्हा जुळत नाहीत आणि त्यातून गमती होतात. मी लिहिलं, ‘पिता-पुत्रांमधील सांस्कृतिक संघर्षावर आधारित कौटुंबिक विनोदी चित्रपट’. व्याकरण ठीक वाटतं, पण वाचून कुणाला हसू येईलसं वाटत नाही. ‘कल्चर क्लॅश’ला दुसरा शब्द आहे का? आणि बाप म्हणावं की वडील?”

व्याकरण ठीकच आहे. पण या वाक्यातला जवळजवळ एकही शब्द कुणी घरात बोलत नाही, आणि चित्रपट तर सगळा घरातच घडतो. वाचणाऱ्याला परिसंवादाचं आमंत्रण आल्यासारखं वाटतं, ते त्यामुळे.

आधी ‘संस्कृती’ बघू. शब्द संस्कृतातला असला तरी ‘कल्चर’ या अर्थाने तो आधुनिक काळात रुळला, आणि त्यात मराठीचा वाटा आहे. बंगालीत त्यासाठी ‘कृष्टी’ असा शब्द चालवायचा प्रयत्न होता. नांगरणीचा वास येणारा तो शब्द रवींद्रनाथ ठाकुरांना मुळीच रुचत नव्हता. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी १९२२मध्ये पॅरिसला एका मराठी मित्राच्या तोंडून ‘संस्कृती’ ऐकला, पुढे तो रवींद्रनाथांच्या कानावर घातला आणि त्यांनी तो पसंत केला. म्हणजे शब्द चांगला आहे, त्याचं वाईट सांगायचं नाही. अडचण एवढीच की मराठीत ‘संस्कृती’ आणि ‘संस्कार’ ही सख्खी भावंडं आहेत. इंग्रजीतला ‘कल्चर’ नुसतं वर्णन करून थांबतो: कुणाचं हे, कुणाचं ते. आपली संस्कृती मात्र असते किंवा नसते, जपली जाते किंवा बुडते. ‘ही आपली संस्कृती नाही’ या वाक्यात वर्णन कुठे आहे? तो निकाल आहे. त्यामुळे ‘सांस्कृतिक संघर्ष’ म्हटलं की एक बाजू सुसंस्कृत आणि दुसरी बिघडलेली असं आपोआप ठरून जातं. विनोदी चित्रपटाला हे परवडत नाही, त्यात दोघेही थोडे थोडे बरोबर असावे लागतात. शिवाय ‘सांस्कृतिक’ला आपण ‘कार्यक्रम’ इतक्या वेळा जोडलाय की ‘सांस्कृतिक संघर्ष’ वाचल्यावर मला तरी स्नेहसंमेलनात नाचाच्या क्रमांकावरून झालेलं भांडणच आठवतं.

‘संघर्ष’ची गंमत वेगळी. ‘घृष्’ म्हणजे घासणे, त्यावरून घर्षण, त्यावरूनच संघर्ष. मुळात दोन वस्तू एकमेकींवर घासणं एवढाच अर्थ. एका छपराखाली राहणाऱ्या दोन माणसांना खरं तर हा शब्द चपखल बसला असता. पण मधल्या काळात तो मोर्च्यात गेला, घोषणांत गेला, चरित्रांच्या मथळ्यांत गेला, आता त्याला घरी परत आणणं कठीण.

(जाता जाता: समास करायचाच असेल तर ‘संस्कृतिसंघर्ष’, ‘ति’ ऱ्हस्व. एकटा शब्द दीर्घ, पण तत्सम शब्द समासात पहिला आला की ऱ्हस्व. ‘संस्कृतिकोश’ तसाच.)

काही जण इथे ‘दोन पिढ्यांतली दरी’ सुचवतील. ती घेऊ नका, कारण ती वेगळी गोष्ट आहे. पिढ्यांचं अंतर एकाच जगात पडतं. बापाने जे तरुणपणी केलं तेच मुलगा जरा वेगळ्या कपड्यांत करतो, आणि बाप ते विसरलेला असतो. तुमच्या चित्रपटात जगंच दोन आहेत. १९९९च्या ‘ईस्ट इज ईस्ट’मध्ये ओम पुरींनी रंगवलेला बाप पाकिस्तानातून इंग्लंडमध्ये आलेला, मुलं तिथेच जन्मलेली. मुलगे वयाने मोठे झाले म्हणून बापाशी त्यांचं पटायला लागेल अशी सोय तिथे नाही. त्या चित्रपटातली मुलं बापाला पाठीमागे ‘चंगेज’ म्हणतात, आणि यावरून आपण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, जो मला पहिल्यापेक्षा जास्त आवडला.

बाप की वडील? मराठीत एकाच माणसाची नावं ऐकणारा कोण आहे त्यावर बदलतात. समोर ‘बाबा’, चारचौघांत ‘वडील’, मित्रांत ‘बाप’ (‘बाप घरी आहे, नंतर ये’), आणि फारच वैतागल्यावर ‘पिताश्री’. ‘वडील’चा मूळ अर्थ नुसता मोठा, म्हणून ‘वडील भाऊ’ म्हणता येतं. तो चालतोही नेहमी आदरार्थी बहुवचनात: वडील म्हणाले, वडील रागावले. बाप मात्र एकवचनी: बाप म्हणाला, बाप रागावला. म्हणून ‘बाप’ कानाला उद्धट लागतो. पण तो उद्धट असता तर ज्ञानेश्वरांच्या अभंगांची नाममुद्रा ‘बाप रखुमादेविवरु’ झाली नसती. आजही एखाद्याच्या कामाला दाद द्यायची तर आपण ‘बापमाणूस’ म्हणतो. ‘वडीलमाणूस’ म्हणून बघा, नुसतं वय कळतं. परिचयात ‘बाप’ बिनधास्त लिहा.

त्याच्या जोडीला ‘लेक’. ‘पितापुत्र’ संस्कृतात तोलदार आहे, पण तो रामायणात शोभतो. ‘बापलेक’ घरचा. फक्त एक खाचखळगा आहे. ‘लेक’ तोही आणि तीही. ‘बापलेक निघाले’ यात लेक मुलगा असणार असा अंदाज बांधता येतो, पण ‘बापलेक’ एवढंच शीर्षक दिलं तर लेक कोण ते कळत नाही. विभक्ती लागली की सगळं उघड होतं: बापलेकांचं पटत नाही म्हटलं की मुलगा, बापलेकींचं म्हटलं की मुलगी. एका अनुस्वारासकटच्या वेलांटीवर अख्खं पात्र बदलतं. त्यामुळे पहिल्याच उल्लेखात ‘बापलेकांचं’, ‘बापलेकांत’ असं रूप येऊ द्या. आणि संवाद लिहायची वेळ आलीच तर ‘लेकाचा’ हाताशी ठेवा. ‘लेकाचा ऐकत नाही’ असं बाप स्वतःच्याच मुलाबद्दल म्हणतो तेव्हा शब्दशः तो नातवाबद्दल बोलत असतो, हे त्याच्या गावीही नसतं.

पण माझं खरं मत विचाराल तर बापलेकांपेक्षाही तुमच्या कामाचा जोड पत्राच्या मायन्यात आहे: तीर्थरूप आणि चिरंजीव. वडिलांना लिहिताना ‘ती. बाबांस’, मुलाला ‘चि.’. पत्रं गेली, पण हे दोन शब्द मागे राहिले आणि बोलण्यात येताना मिश्कील होऊन आले. ‘आमचे तीर्थरूप काय म्हणतील माहीत आहे ना?’ यात आदर पूर्ण आहे आणि धाकही, फक्त दोन्हींना चिमटा काढलेला आहे. ‘चिरंजीव उठले का?’ हे वाक्य सकाळी दहानंतरच उच्चारलं जातं, आणि त्यातलं आदरार्थी बहुवचन हाच टोमणा. बापाने मुलाला ‘तो’वरून ‘ते’वर नेलं की समजावं, काहीतरी बिनसलंय. इंग्रजीत हे दोन शब्दांत साधणं अवघड आहे. आपल्याकडे तयार आहे, तर वापरा.

चित्रपटाचं भाषांतर करणाऱ्यांना इथे आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, तो म्हणजे मुलगा बापाला ‘तुम्ही’ म्हणतो की ‘तू’. इंग्रजी संवादातून याचं उत्तर मिळत नाही. ‘बाबा, तुम्हाला नाही कळायचं’ आणि ‘बाबा, तुला नाही कळणार’, मजकूर एकच, घरं दोन. पहिल्यात मुलगा हरलाय, दुसऱ्यात तो वाद घालायला अजून तयार आहे. हल्ली पुष्कळ घरांत आईसारखाच बाबाही ‘ए’ झाला आहे, तरी जुन्या वळणाच्या बापाला तो ‘ए’ लागतो. दोन जगांचं भांडण दाखवायचं तर एवढ्यावरही दृश्य उभं राहील: मुलगा प्रेमाने अरेतुरे करतोय आणि बाप अहोजाहोची वाट बघत बसलाय. आणि शेवटी कंटाळून बापच मुलाला म्हणतो, ‘हो रे बाबा, तुझंच खरं!’ मराठीत हरलेला माणूस समोरच्याला बाबा करतो, मग तो पोटचा पोरगा का असेना. हे भाषांतरात आणायला जावं लागत नाही, फक्त आडवं येऊ नये.

‘कौटुंबिक’बद्दल थोडक्यात. तो काढाच. ‘कौटुंबिक चित्रपट’ म्हटलं की मराठी प्रेक्षक रुमाल शोधतो. तुम्हाला ‘घरच्या सगळ्यांनी मिळून बघावा असा’ म्हणायचं आहे, तर तसंच म्हणा. ‘सहकुटुंब’ चालेल, जरी जुन्या बोलीत ‘कुटुंब’ म्हणजे बायको, आणि त्या हिशेबाने मुलं घरीच राहतील.

राहता राहिला क्लॅश. खटके उडतात, दोघांचं वाजतं, सूत जुळत नाही, छत्तीसचा आकडा असतो (३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात, हे देवनागरीतच दिसतं). यातला कुठलाही चालेल, पण माझा कौल ‘जुंपणे’ला. बैल जुंपतात ते औताला, आणि भांडणही जुंपतं. ‘दोघांची जुंपली’ म्हणताना दोघे एकाच जोखडाखाली आहेत हे आपण नकळत कबूल करतो. एकाला इकडे जायचंय, दुसऱ्याला तिकडे, आणि सुटका दोघांचीही नाही. परक्या माणसाशी संघर्ष होऊ शकतो, जुंपते ती जवळच्याशीच असं मला तरी वाटतं.

तेव्हा मी असं लिहीन: ‘तीर्थरूप वाढले एका देशात, चिरंजीव दुसऱ्या. राहायचं मात्र एकाच छपराखाली. मग बापलेकांची जुंपणारच! घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावा असा धमाल चित्रपट.’ ‘धमाल’ जाहिरातीत फार झिजलाय, तो खुशाल गाळा. ‘जुंपणारच’ रांगडं वाटत असेल तर ‘खटके उडणारच’ करा. ‘संघर्ष अटळ’ तेवढं करू नका.