वाटी कुठे ठेवायची ते तिला ठरवू दे

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा तुझी कीव आली. तुझ्या मांजरीसाठी नवी वाटी, ती सरकू नये म्हणून खाली रबरी चटई, खाणंही चांगल्यातलं. आणि बाईसाहेब येतात, एक तुकडा तोंडात धरतात, पॅसेजमध्ये नेऊन फरशीवर टाकतात आणि तिथे खातात. मग दुसरा तुकडा, पुन्हा फेरी. "इतके नखरे कुठून शिकली?" असं तू विचारलं आहेस.

नखरे हा शब्द तेवढा मागे घे. तो एकदा तोंडात बसला की आपण मांजराकडे बघणं सोडतो आणि त्याला वळण लावायच्या मागे लागतो. मांजराला वळण लावायला निघालेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. सगळी आता मांजराच्या वेळेला उठतात.

तिचं म्हणणं सरळ आहे : खाणं चालेल, जागा चालणार नाही. खाणंच नको असतं तर तिने तुकडा उचलला नसता. आपली पाळीव मांजरं आफ्रिकी रानमांजरापासून आलेली. ते जनावर एकटं शिकार करतं, उंदीर किंवा पाखरू असं एकट्यापुरतंच काहीतरी पकडतं आणि आडोसा बघून खातं. उघड्यावर मान खाली घालून बसणं त्याला परवडत नाही, कारण उंदराचा काळ असलं तरी ते स्वतःही कुणाची तरी शिकार होऊ शकतं. तुझ्या घरात तिला खाणारं कुणी नाही हे तुला माहीत आहे. तिच्या मानेला आणि कानांना ते अजून पटलेलं नाही, एवढंच.

मांजर डोळे मिटून दूध पितं, असं आपण म्हणतो. इतकी वर्षं मांजरांत काढल्यावर माझं ठाम मत झालंय की ही म्हण ज्याने केली त्याने मांजर कधी नीट पाहिलंच नव्हतं. ज्या जागेचा भरवसा नाही तिथे मांजर एक डोळासुद्धा मिटत नाही. डोळे अर्धवट मिटून, शांतपणे खाताना दिसलं तर जागा पास झाली असं समज. (दूध मात्र देऊ नकोस. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना ते पचत नाही, आणि मग वेगळीच साफसफाई करावी लागते.)

आता पहिलं काम. उद्या वाटी भरलीस की तिथून निघून जाऊ नकोस आणि तिच्या डोक्यावर उभंही राहू नकोस. चार पावलं लांब, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बस आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघ. कान कुठे वळतात? एक कान सारखा मागे फिरत असेल तर आवाज मागून येतोय. मागचे पाय अंगाखाली घेऊन निवांत बसली आहे, की ताठ उभी राहून मान लांब करून घास ओढते आहे? मान लांब आणि मागचे पाय दूर असतील, तर ती खायला आलेली असली तरी पळायच्या तयारीत आहे. दोन घास झाले की डोकं वर काढून कुठे बघते? ती जिकडे बघते तिकडे तूही बघ. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

माझ्या एका बोक्याने मला हे शिकवलं. तो तीन घास खायचा, गर्रकन वळायचा, पुन्हा तीन घास. मी तोवर तीन प्रकारचं खाणं बदलून पाहिलं होतं. एक दिवस वैतागून त्याच्या वाटीशेजारी चक्क आडवी झाले आणि त्याच्या उंचीवरून पाहिलं. वाटी भिंतीला टेकवलेली. कुणाच्या पायात येऊ नये म्हणून आपण सगळेच तशी ठेवतो. म्हणजे खायचं तर त्याने तोंड भिंतीकडे करायचं, आणि सगळी खोली, दार, येणारी-जाणारी माणसं त्याच्या पाठीमागे. मी वाटी भिंतीपासून दोन विती पुढे ओढली. तो आला, वाटीला वळसा घातला, भिंत आणि वाटी यांच्यामधल्या जागेत शिरला, पाठ भिंतीकडे करून बसला आणि दाराकडे तोंड करून वाटी चाटूनपुसून रिकामी केली. एवढंच हवं होतं त्याला. ती तीन प्रकारची पाकिटं पुढे महिनाभर मला बघत बसावी लागली.

तुझीही वाटी भिंतीला लागून आहे, असं तुझ्या वर्णनावरून वाटतं. आधी ती ओढून बघ.

आवाजाचं म्हणशील तर आपल्याला सुमारे 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला जवळजवळ 64,000 पर्यंत. त्यामुळे तुला शांत वाटणारा कोपरा तिला शांत असेलच असं नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन, भिंतीतला पाण्याचा पाइप, कुठलाही चार्जर. त्यातही सतत चालणाऱ्या आवाजाला मांजर एक वेळ सरावतं, पण मध्येच दचकवणाऱ्या आवाजाला नाही. खाताना एकदा मशीन धडधडलं की ती जागा कित्येक दिवस बाद. तुझ्या पत्रात मशीनचा उल्लेख नाही, पण वाटी तिथून किती लांब आहे ते बघ.

लिटर बॉक्सशेजारी, म्हणजे तिच्या शी-शूच्या पेटीशेजारी, खाणं ठेवू नये हे तुला सांगायला नको. पाणीही वाटीपासून थोडं लांब ठेवून पाहा. सगळ्यांनाच फरक पडतो असं नाही, पण काही मांजरं लांबच्या पाण्याकडे जास्त जातात, आणि करून बघण्यात नुकसान काहीच नाही.

वाटीबद्दल. खोल वाटीत मिशा घासतात म्हणून मांजर खात नाही, हे सध्या सगळेच सांगतात. यावर प्रयोग झाला आहे : नेहमीची वाटी आणि पसरट भांडं यांत मांजरांनी किती खाल्लं आणि किती वेळ घेतला, यात फारसा फरक दिसला नाही. दोन्ही समोर ठेवली तेव्हा मात्र बरीच मांजरं पसरट भांड्याकडे गेली. तेव्हा खोल वाटीने मांजर उपाशी राहतं असं नाही, पण जुनी पसरट बशी घरात असेल तर ती दे. वीतभराच्या आतलं मांजराला स्पष्ट दिसत नाही, तिथलं काम नाक आणि मिशा करतात. काठ आड आले की तुकडा शोधायला त्रास होत असणार. मी तरी त्याच कारणाने बशी वापरते. प्लॅस्टिक टाळ, त्याला जुन्या खाण्याचा वास धरून राहतो. आणि गळ्यात पट्टा असेल तर त्याची घुंगरं किंवा बिल्ला स्टीलच्या काठावर टणटण वाजतोय का ते ऐक. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणारे आपण, आणि ती जेवताना वाजते म्हणून मांजर जेवत नाही!

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू अगदी शेवटी, सहज जाता जाता लिहिलं आहेस : गेल्या महिन्यात एक बोका घरी आणला, "पण दोघांचं छान जमतं, भांडण अजिबात नाही." हे पहिल्या ओळीत हवं होतं!

मांजरांत भांडण नाही याचा अर्थ सलोखा आहे असा नाही. बोक्याला फिस्कारायची किंवा पंजा मारायची गरजच नसते. तो दाराच्या उंबऱ्यावर ऐसपैस बसतो, शेपूट पायांभोवती गुंडाळून, आणि नुसता बघतो. आपल्याला वाटतं, किती गोड बसलाय. तिला कळतं, रस्ता अडलाय. मग ती आत जातच नाही, किंवा गेलीच तर एक तुकडा उचलून बाहेर सटकते. तू वर्णन केलेल्या पॅसेजच्या फेऱ्या मला याच जातीच्या वाटतात. बोका आल्यापासून त्या सुरू झाल्या की आधीपासून होत्या, हे नीट आठवून बघ.

दोन वाट्या शेजारी-शेजारी ठेवून दोघं मिळून जेवताहेत, असा फोटो तू पाठवला आहेस. फोटो सुरेख आहे, पण तिचे कान बघ, दोन्ही बाजूंना आडवे झालेत. मांजरांना पंगतीची आवड नाही. एकत्र वाढलेली, एकमेकांना चाटणारी भावंडं असली तर गोष्ट वेगळी, बाकीची शेजारी बसून खातात ती तिथेच मिळतं म्हणून. मांजरांच्या पशुवैद्यांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2013 मध्ये मांजराच्या घरातल्या गरजांबद्दल मार्गदर्शन काढलं, त्यातही खाणं, पाणी, लिटर बॉक्स, झोपायची जागा या गोष्टी एकापेक्षा जास्त ठिकाणी आणि एकमेकींपासून वेगळ्या हव्यात, यावर भर आहे. तेव्हा वाट्या वेगळ्या कर, आणि नुसत्या दोन हात लांब नकोत. जेवताना दोघं एकमेकांना दिसताच कामा नयेत. वेगळी खोली उत्तम. ती जमत नसेल तर मध्ये काहीतरी आडवं ठेव, नाहीतर तिची बशी उंचावर ने. तिच्या जागेला शक्यतो दोन वाटा असाव्यात, म्हणजे एक अडली तरी ती कोंडली जात नाही. बोका आधी आपलं संपवून तिच्या बशीवर चाल करून जात असेल, तर तिचं होईपर्यंत मधलं दार लावून घे. यात निष्ठुरपणा काही नाही.

जागा बदलायची तर कशी? हलवायची नाही, वाढवायची. आहे ती वाटी आहे तिथेच राहू दे आणि पॅसेजमध्ये, ती तुकडा जिथे टाकते नेमकं तिथे, एक बशी ठेव. चार-पाच दिवस दोन्हीकडे थोडं थोडं घाल आणि कुठलं संपतं ते बघ. पुढे ती बशी पॅसेजमधून हलवायची झालीच, तर रोज वीतभर, त्याहून जास्त नाही. ती थबकली की तूही थांब. आणि एक चूक करू नकोस, जी मी करून बसले आहे : जागा, भांडं आणि खाणं एकाच दिवशी बदलू नकोस. मग सुधारलं तरी कशाने सुधारलं हे कळत नाही, आणि बिघडलं तर तेही नाही.

वाटी हातात घेऊन तिच्या मागे घरभर फिरायचं नाही. तू हे करत असणार, मला खात्री आहे. तसं केलं की ती जिथे असेल तिथे जेवण चालत येतं, एवढंच ती शिकते. ठरलेल्या वेळी ठेवायचं, ओलं खाणं असेल तर अर्ध्या-पाऊण तासाने उचलायचं, पुढच्या वेळी ताजं द्यायचं. मांजराचं पोट लहान, उंदराएवढ्या घासांची सवय, म्हणून दिवसातून दोनदा भरपूर देण्यापेक्षा चार-पाचदा थोडं थोडं बरं. फ्रिजमधलं गार खाणं थेट पुढे ठेवू नकोस. कोमट केलं की वास सुटतो, आणि मांजर आधी वासानेच जेवतं. काहींना आपण जवळ बसलेलं हवं असतं, त्यांच्यासाठी बसावं. मी बसते.

आता थोडं गंभीर. वर सांगितलेलं सगळं ज्या मांजराला खायचंय पण तिथे नको, अशासाठी आहे. माझी एक म्हातारी मांजरी होती, ती वाटीपाशी यायची, हुंगायची, एक घास घ्यायची आणि मान झटकून दूर व्हायची. मी चार दिवस जागा बदलत राहिले. भिंत, दार, मशीन, सगळं तपासलं. तिचं तोंड उघडून बघायचं सुचलं नाही. मागची एक दाढ मोडली होती. जिथे खाताना दुखलं ती जागाच वाईट, असं मांजर धरून चालतं, म्हणून नव्या जागी ती एक-दोन घास जास्त खायची आणि मला वाटायचं, जमतंय.

म्हणून एका बाजूनेच चावणं, तुकडा तोंडातून पडणं, लाळ, वाटीकडे बघून फिस्कारणं किंवा सारखे ओठ चाटणं, यातलं काही दिसलं तर जागा शोधत बसू नकोस, पशुवैद्याकडे ने. आणि 24 तास काहीच पोटात गेलं नाही तर थांबायचंच नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचू लागते. लठ्ठ मांजरांना हा धोका जास्त, आणि तो जिवावर बेतू शकतो. "भूक लागली की खाईल आपोआप" हे मांजराच्या बाबतीत कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

तुझी अजून तरुण आहे, पण उंचावर बशी ठेवताना पुढचंही लक्षात ठेव. 12 वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले, त्यात 90 जणांच्या सांध्यांत झीज दिसली, असा 2002 चा अभ्यास आहे. वर ठेवलेलं खायला मांजर अचानक येईनासं झालं, तर बहुधा उडी दुखत असते. तेव्हा बशी खाली आणायची, किंवा मध्ये एक पायरी करून द्यायची.

उद्या वाटी ओढ, परवा बोक्याची वेगळ्या खोलीत मांड, आणि दोघांचं वजन आजच करून लिहून ठेव. पुढच्या आठवड्यात कळव.

ता.क. पॅसेजच्या फरशीवर डाग पडतात अशी तुझी तक्रार होती. बशी ठेवेपर्यंत तिथे धुता येईल असं जुनं फडकं पसर. पण दोन फडकी कर आणि आलटून पालटून घाल, बिनवासाच्या साबणाने धुऊन. सुगंधी साबणाने धुतलेलं फडकं मी एकदा पसरलं होतं, तर त्या बयेने तुकडा उचलून थेट माझ्या उशीवर नेला.