‘वानी’ ठेवा, ‘जणू’ जपून

परभणी जिल्ह्यातल्या एका वाचक मुलीने विचारलंय : ‘वडिलांवर ललित लेख लिहितेय. त्यात “दोन वर्षांत आबा पऱ्हाटीवानी वाळले” असं वाक्य आहे. मैत्रीण म्हणते, “वानी” गावंढळ वाटतं, “आबा जणू पऱ्हाटीच झाले” असं कर, म्हणजे भाषा सजेल. काय ठेवू?’ सोबत लेखातला उताराही पाठवलाय. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड.

‘वानी’ ठेवा. न की ण, ते शेवटी बघू. मैत्रिणीचं वाक्य चुकलेलं नाही, पण ते वेगळंच वाक्य आहे.

शाळेतलं व्याकरण आठवा. पऱ्हाटीवानी, पऱ्हाटीसारखे, पऱ्हाटीगत ही झाली उपमा. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, साम्य दाखवलं, दोन्ही आपापल्या जागी राहिल्या. ‘जणू पऱ्हाटीच’ ही उत्प्रेक्षा : हीच ती, अशी कल्पना करून बघणं. आता हा ‘जणू’ आपल्याकडे बोलताना कधी येतो ते ऐका. ‘जनू काय कलेक्टरच लागून गेला!’ बसस्टँडवर, पारावर मी तो बहुतेक टोमण्यातच ऐकलाय. नसलेलं असल्यागत दाखवायचं ही त्याची खोडच. कवितेत, आभाळाच्या वर्णनात तो शोभतो. खंगलेल्या बापाबद्दलच्या वाक्यात आला, की लिहिणारी लेक दोन पावलं मागे सरकून चित्र न्याहाळतेय असं वाटायला लागतं. ‘वानी’ त्याच ओसरीवर बसून बोलतं.

पण तुमच्या वाक्यात मला खरी आवडली ती पऱ्हाटी. वाळकेपणासाठी मराठीत तयार उपमानं ढिगानं पडलीत : काडी, खारीक, चिपाड. काडी नुसतीच बारीक असते. पऱ्हाटीच्या मागे अख्खा हंगाम उभा असतो. जूनमध्ये लावण, दिवाळीच्या आगेमागे वेचणी, मग दुसरी, तिसरी, जमलं तर फरदड, म्हणजे हंगामानंतरचा उरलासुरला कापूसही. शेवटचं बोंड वेचून झालं की उभं झाड करडं पडतं, पानं झडतात, फांद्यांना रिकामी टोकदार टरफलं तेवढी राहतात. जवळून गेलं की पदर अडकतो, हाताला ओरखडे येतात. मग ती उपटायची, बांधावर रचायची आणि चुलीला लावायची. आबा बारीक झाले एवढंच त्यातून कळत नाही. असेल तेवढं देऊन ते वाळलेत हेही कळतं, आणि तसं लिहावंही लागलेलं नाही.

अडचण एकच. रत्नागिरीकडच्या वाचकाने पऱ्हाटी पाहिलेली नसते. आपल्याकडेही कुठे पराटी म्हणतात, कुठे पळाटी. म्हणून कंसात ‘कापसाचं वाळलेलं झाड’ असं लिहू नका, कंस आला की उपमेचा जीव गेला. दोन परिच्छेद आधी आबांना पऱ्हाटी उपटताना दाखवा, पुरे.

उताऱ्यात दुसरी एक गोष्ट खटकली. पुढच्याच ओळीत आबा ‘संकटांना भिडणारा डोंगर’ होतात आणि त्याखाली ‘घराचा आधारवड’. पऱ्हाटी, डोंगर, वड! दोन काढा. वड तर आधी काढा. श्रद्धांजलीच्या बॅनरवरचे आधारवड मोजले तर मराठवाड्याइतकी दाट वनराई कुठे सापडायची नाही. पैठणच्या एकनाथांचं विंचवाचं भारूड या दृष्टीने पुन्हा ऐका. काम-क्रोध एकदा विंचू झाले की विंचूच राहतात. घाम फुटतो तो त्या दंशाचा आणि अंगाराही त्यावरचाच, सत्त्वगुणाचा. मधेच कुठे साप निघत नाही.

‘पावसाने दडी मारली’ मात्र काढू नका, थोडं हलवा. वर्तमानपत्रांनी इतकी वर्षं वापरून हा वाक्प्रचार गुळगुळीत केलाय, त्यातलं लपणं आता कुणाला दिसतच नाही. ते दिसू द्या. उदाहरणार्थ : ‘पाऊस दडी मारून बसला आणि आम्ही राज्य आलेल्या पोरासारखे रोज आभाळ धुंडाळत राहिलो.’ लपंडाव आला की दडी पुन्हा जिवंत होते. यापेक्षा चांगलं तुम्हाला सुचेल, आभाळाकडे बघणं तुमच्या घरातलं आहे.

आता न आणि ण. आबांच्या किंवा आजीच्या तोंडी असेल तर ‘वानी’च, कारण ती माणसं ‘पानी’ म्हणतात. तुमच्या स्वतःच्या निवेदनात पाणी, लोणी असं लिहिलंय, तर तिथे ‘वाणी’ लिहा. किराणा दुकानवाला वाणी कुणाला आठवेल अशी भीती नको, शब्दाला जोडून आला की घोटाळा होत नाही. ‘वाणी’ आणि ‘गत’ लिंग-वचनाने बदलत नाहीत : आबा पऱ्हाटीवाणी, आईही पऱ्हाटीवाणी. ‘सारखा’ बदलतो, सारखी, सारखे होतो. आणि तो वापरलाच तर जोडूनच लिहा. उताऱ्यात एका जागी ‘आबा लेकरा सारखे रडले’ असं सुटं पडलंय. तेवढ्या रिकाम्या जागेने ‘लेकरा’ ही हाक होते आणि आबा सतत रडायला लागतात.