रूट कॅनॉलनंतरचे दुखणे आणि भरण्याची पद्धत

प्रश्न : रूट कॅनॉलमध्ये गटापर्चा (मुळातील पोकळी भरण्याचा रबरासारखा पदार्थ) गरम करून भरल्यास थंड पद्धतीपेक्षा दात अधिक दुखतो का?

उत्तर : सुरुवातीला थोडा फरक पडू शकतो, कारण मऊ झालेला गटापर्चा दाबून बसवताना सीलर (फटी बुजवणारा लेप) मुळाच्या टोकाबाहेर जाण्याची शक्यता वाढते आणि तेथील ऊतींचा दाह होतो; थंड पद्धतीत बायोसिरॅमिक (शरीराला मानवणाऱ्या सिरॅमिक पदार्थाचा) सीलर वापरून गटापर्चाची एकच कांडी बसवताना असा दाब कमी लागतो. तरीही रुग्ण या निवडीला, माझ्या मते, गरजेपेक्षा अधिक महत्त्व देतात. उपचारापूर्वी दात किती दुखत होता, यावरच नंतरचे दुखणे बरेचसे अवलंबून असते. ते बहुधा पहिल्या २४ ते ४८ तासांत सर्वाधिक जाणवते आणि आठवड्याभरात ओसरते. सूज, ताप किंवा वाढती वेदना असल्यास मात्र दंतवैद्यांना त्वरित दाखवावे.