ऑन्टॅरिओत बागकामातलं कोणतं काम धरावं?

दापोलीची हॉर्टिकल्चरची पदवी, मावळात दोन वर्षं जरबेराचं पॉलिहाऊस सांभाळलेलं, पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना हातात, आणि तुम्ही विचारताय की कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात 'गार्डनर' म्हणून कुठे अर्ज करू. अकरा वर्षं मी इथे याच कामात आहे. माझं पहिलं सांगणं, नुसत्या गार्डनरसाठी अर्ज करूच नका. या एका शब्दाखाली पाच-सहा वेगळे व्यवसाय आहेत.

तुम्हाला सगळ्यात जवळचं ग्रीनहाऊस. लेमिंग्टनकडे टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची. नायगाराकडे फुलं आणि कुंडीतली रोपं. ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप), पीएच, ड्रिपमधून खतं हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. नवीन आहेत ते मित्रकीटक. पांढरी माशी दिसली की पंप पाठीला, ही आपली सवय. इथे एन्कार्सियाची कार्डं झाडांवर टांगतात. त्यातून निघणारे बारीक परोपजीवी कीटक पांढऱ्या माशीच्या पिल्लांतच अंडी घालतात. टोमॅटोच्या परागीभवनाला बम्बलबीच्या पेट्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे फवारणीचा निर्णय फार जपून घेतात. सुरुवात तोडणी-बांधणीपासून होईल. त्यात कमीपणा मानू नका, पण ग्रोअर, म्हणजे पीक सांभाळणारा जाणकार, व्हायचंय हे पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा. शिवाय हे काम हिवाळ्यातही मिळतं.

लँडस्केपिंगचं तसं नाही. तो हंगाम साधारण एप्रिल ते नोव्हेंबर. पुढे बऱ्याच कंपन्या बर्फ काढायचं काम घेतात आणि मध्यरात्री फोन येतो. फरशी, दगडी भिंती, पाण्याचा निचरा, म्हणजे अर्धं गवंडीकामच. गाडी चालवता आलीच पाहिजे. 'लँडस्केप हॉर्टिकल्चरिस्ट' हा रेड सील या देशपातळीवरच्या कारागीर-प्रमाणपत्राचा ट्रेड आहे, ते प्रमाणपत्र दुसऱ्या प्रांतातही चालतं.

घरोघरच्या बागा सांभाळण्यात मी रमलो. आपल्याकडे पावसाळा धरून चालतो, इथे सगळं थंडीवर ठरतं. पहिल्या वर्षी एका आजींकडची लायलॅक मी मार्चमध्ये छान गोल छाटली. मे उजाडला, शेजारच्या अंगणात जांभळे घोस लागले आणि आमच्या झुडपावर नुसती पानं. लायलॅक पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरते. त्या सगळ्या मी कापून टाकल्या होत्या. छाटायची ती फुलं सरल्याबरोबर. आजी काही बोलल्या नाहीत, पण ते झुडूप त्यांच्या यजमानांनी लावलेलं होतं. त्या दिवसापासून झाड जुन्या लाकडावर फुलतं की नव्या फुटव्यावर हे कळल्याशिवाय मी कात्री लावत नाही. आणखी एक, 2009 पासून ऑन्टॅरिओत शोभेच्या बागेत बहुतेक रासायनिक तणनाशकांना बंदी आहे. गुडघ्यावर बसून तण काढायची तयारी हवी.

झाडांवर चढायची आवड असेल तर आर्बोरिस्ट, म्हणजे मोठ्या झाडांची छाटणी-देखभाल करणारा, व्हा. दोर, हार्नेस, चेनसॉ आणि थंड डोकं. आयएसए या आर्बोरिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र घ्यायचं तर साधारण तीन वर्षांचा अनुभव लागतो, पदवी असेल तर थोडा कमी चालतो. एमरल्ड अ‍ॅश बोअरर या भुंगेऱ्याने इथली अ‍ॅशची झाडं मारली, ती उतरवायचं काम खूप निघालं. वाळलेलं अ‍ॅश फार ठिसूळ असतं, नवख्याने त्यावर चढू नये.

सार्वजनिक उद्यानात जायचं असेल तर नायगारा पार्क्सची हॉर्टिकल्चर शाळा बघा. 1936 पासूनची आहे आणि तिथले विद्यार्थी बागेतच काम करून शिकतात. तिथे झाडांची लॅटिन नावं तोंडपाठ लागतात, ती आजपासूनच रोज दहा करा.

फळझाडांच्या नर्सरीचाही विचार करा. इथे डोळे भरतात (एका झाडाचा डोळा दुसऱ्यावर बसवून कलम करतात) ऑगस्टच्या सुमारास, आणि कोय कलम बांधलेल्या हाताला ते जड जाणार नाही. कलमाचा चाकू चेक-इन बॅगेत टाका. माती, रोपं, कलमकाड्या मात्र आणू नका, विमानतळावरच काढून घेतील. शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरा, वसंताची भरती तेव्हाच सुरू असते.